हॉटेलचे नूतनीकरण : आधी भटारखाना, मग पडदे

हॉटेलवाले बंधू माझ्या दुकानी येतात ते सोफ्याचे कापड पाहायला. मी विचारतो, "भाईजान, मोरी कुठे तुंबते?" ते हसतात.

भिवंडीच्या माझ्या एका गिऱ्हाइकाने हॉटेल १५ दिवसांसाठी बंद केले आणि सारी पुंजी दर्शनी भागावर ओतली. छताला नक्षी, भिंतींना आरसे. मग भटारखान्याची फरशी उकरावी लागली, कारण पाणी मोरीकडे न जाता भट्टीखाली साचत होते. १५ चे ५५ दिवस झाले. भटारी दुसरीकडे लागला. पाळी सुटल्यावर येणारे लूमचे कारागीर समोरच्या हॉटेलात बसू लागले. ते परत वळवायला वर्ष गेले.

म्हणून खर्चाच्या कागदावर पहिली ओळ मोरी, धुराडे आणि वायरिंगची असावी. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही भटारखान्याच्या फरशी-भिंती सहज धुता येण्याजोग्या हव्यात, रंगाचे पोपडे सुटलेले चालत नाहीत. बंद काळातला कामगारांचा पगार त्याच कागदावर धरा. रमजानमध्ये दिवसा हॉटेल बंद ठेवणाऱ्यांनी किरकोळ सुतारकाम त्या दुपारी उरकावे. फरशीला मात्र तेव्हा हात लावू नये, इफ्तारची वेळ कुणासाठी थांबत नाही.

आता कापड. सारे एकाच लॉटचे घ्या, चार मीटर जादा. दुसऱ्या रंगाईत छटा बदलते आणि पुढे एक गादी बदलली तरी ठिगळ दिसते. सुती पडदा शिवण्याआधी धुवा, नाहीतर आखडतो. बैठकीला रेक्झिनच बरे. मखमल मी विकतो, नफाही तिच्यातच जास्त, पण ती रस्सा पिते.