राजीनामा लिहिण्याआधी

खोपटच्या एस.टी. स्टँडवर पहाटेची गाडी लागते, तेव्हा खाकी गणवेशातली वाहक भगिनी घरचा स्वयंपाक उरकून आलेली असते. गर्दी, सुटे पैसे, प्रवाशांची हुज्जत यांनी माणूस दमतो, पण तेवढ्यावरून नोकरी सोडत नाही. पाळी अचानक बदलते, गाडी घोडबंदरच्या कोंडीत अडकते, तापाने फणफणलेले पोर शेजारणीकडे असते आणि घरी गेल्यावर नवरा म्हणतो, "एवढे हाल कशाला? दे सोडून!" राजीनाम्याचा विचार मनात येतो तो तेव्हा.

२०२१च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा मोठा संप झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२मध्ये कामगार कामावर परतले. विलीनीकरण आणि पगार गाजले. पाळी आणि घर यांची ओढाताण मात्र मागेच पडली.

१९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ तास आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये निदान ९ तासांची विश्रांती ठरवली होती. आता या नऊ तासांचा हिशेब मांडा. जायला तास, यायला तास, मग धुणेभांडी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध. झोप उरली किती? पुरुषाचे नऊ तास आणि बाईचे नऊ तास सारखे नसतात.

बाळंतपणाचा भार एकट्या कामगार स्त्रीवर नको, ही बाजू बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडली. मजूरमंत्री असताना १९४६मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयकही त्यांनीच मांडले. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली, त्यांत ताकदीप्रमाणे काम, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, हेही त्याच सुत्तात आहे. वंदना म्हणताना आपण पहिल्या रांगेत बसतो, घरी मात्र चहाचा कप जागेवर हवा!

आपल्या कितीतरी घरांत ही पहिलीच पक्की नोकरी असते. कायम नोकरीत पाच वर्षे भरण्याआधी ती सोडली तर ग्रॅच्युइटीही जाते. जाते ते तिच्या हातचे, तिच्या हक्काचे.

तेव्हा दादा, तिची पहाटेची पाळी असेल तेव्हा डबा कोण भरणार, हे आदल्या रात्रीच ठरवा. आणि ताई, पाळी बदलून हवी असेल तर तोंडी विनवणी नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.