नियमाचा दाखला, नियमाची जागा

रस्त्याने एक बैल चालला आहे आणि त्याच्या पाठीवर मौल्यवान ऐवजाची पेटी आहे. 'क' नावाचा माणूस ऐवज लाटण्याच्या इराद्याने बैलाला आपल्याला हव्या त्या दिशेला वळवतो. मग चोरी नेमकी कधी झाली? पेटी घरी पोचली तेव्हा, की ती उघडली तेव्हा? भारतीय दंडसंहितेचं 378 वं कलम सांगतं की बैल हलला त्याच क्षणी. याच कलमाखाली खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावणारा माणूस भेटतो. रस्त्यात पडलेली अंगठी उचलणाराही भेटतो, पण तो चोर ठरत नाही, कारण अंगठी कोणाच्याच ताब्यात नव्हती. फार तर त्याच्यावर अपहाराचा गुन्हा लागेल.

कलमाखाली असे दाखले देण्याची कल्पना मेकॉले यांच्या विधी आयोगाने 1837 च्या मसुद्यातच राबवली होती. संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. 1 जुलै 2024 पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेनेही दाखले ठेवले आहेत. चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिक इरादा, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव आणि वस्तू हलवणं हे सगळं एकाच वाक्यात कोंबलेलं आहे. त्यातला एकेक शब्द सुटा करून तपासायचं काम दाखले करतात. हात न लावताही वस्तू हलवता येते, हे बैल आणि कुत्रा दाखवतात, तर ताबा नसेल तर काय, हे अंगठी दाखवते. न्यायालयं दाखल्यांना कायद्याचाच भाग मानतात, मात्र त्यांच्या जोरावर कलमाची हद्द ओलांडू देत नाहीत.

मराठीला ही रीत त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होती. चक्रधरस्वामींच्या वचनांमधून केसोबासांनी तेराव्या शतकात 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. त्यात 114 दृष्टांत आहेत. आधी सूत्र येतं, मग स्वामींनी सांगितलेली छोटी गोष्ट, आणि शेवटी त्या गोष्टीचा सूत्राशी सांधा जुळवणारं दार्ष्टांतिक. हे दार्ष्टांतिक केसोबासांचं. जन्मांधांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यातलीच. मला यातला तिसरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नुसती गोष्ट ऐकून प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. कोणती बाजू सूत्राला लागू आहे आणि कोणती नाही, हे कोणीतरी जबाबदारीने लिहावं लागतं.

आपल्या शासन निर्णयांत नेमकं हेच राहून जातं. संदर्भ असतात, प्रस्तावना असते, क्रमांक घातलेल्या अटीही असतात. पण अटीत बसणारं एक आणि जेमतेम न बसणारं एक अशी दोन उदाहरणं क्वचितच असतात. ती असती, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या अर्जदाराला आणि खिडकीमागच्या कारकुनालाही एकाच कागदाचे दोन अर्थ लावत बसावं लागलं नसतं. ही उदाहरणं द्यायलाच हवीत.

पाणिनीने मात्र उदाहरणांशिवाय काम भागवलं. अष्टाध्यायीतली सुमारे चार हजार सूत्रं पाठ करण्यासाठी रचलेली आहेत, आणि उदाहरणं पुरवायला वृत्तिकार आणि गुरू होते. तिथे अर्थाचा मोठा भार सूत्राच्या जागेवर असतो. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालत राहतो. शेवटच्या तीन पादांत तर पुढचं सूत्र मागच्या सूत्राच्या दृष्टीने घडलेलंच नाही, असं धरायचं असतं. एखादं सूत्र उचलून दुसरीकडे ठेवलं, तर शब्द तेच राहूनही नियम बदलेल.

जागेचं हे वजन क्रिकेटमध्येही दिसतं. 1947 मध्ये सिडनी कसोटीत विनू मांकड यांनी गोलंदाजी करताना क्रीझ सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउन यांना धावबाद केलं. नियमाने ते बाद होते. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनीही मांकड यांची बाजू घेतली, तरी तो डाग अनेक वर्षं मांकड यांच्याच नावाला चिकटून राहिला. पुढे ही तरतूद अनुचित खेळाच्या, म्हणजे 41 व्या नियमात जाऊन बसली होती. ऑक्टोबर 2022 पासून एमसीसीने ती धावबादच्या 38 व्या नियमात हलवली. फलंदाज आधीही बाद ठरत होता, आताही ठरतो. गोलंदाजावरचा संशय तेवढा नियमावलीतून उठला. मांकड मात्र 1978 मध्येच गेले होते.

राज्यघटनेत जागेची किंमत याहून जड आहे. तिसऱ्या भागातल्या मूलभूत हक्कासाठी न्यायालयात जाता येतं. चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वं कारभाराचा पाया मानली आहेत, पण 37 वा अनुच्छेद स्वच्छ सांगतो की न्यायालयामार्फत ती अमलात आणता येणार नाहीत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा, हा 45 वा अनुच्छेद चौथ्या भागात होता. मुदत 1960 मध्ये संपली आणि मुलं वाट पाहत राहिली. उन्नीकृष्णन खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षणाला हक्काचा दर्जा दिला, 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने '21 क' हा अनुच्छेद तिसऱ्या भागात आणला आणि शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला.

पण '21 क' सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरताच आहे. त्याच दुरुस्तीने 45 वा अनुच्छेद नव्याने लिहिला: सहा वर्षांखालच्या बालकांचं संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा. वाढीच्या सर्वांत नाजूक वयातली, अंगणवाडीत जाणारी ही मुलं अजूनही चौथ्या भागातच आहेत. त्यांनाही तिसऱ्या भागात आणायला हवं.