पूर ओसरेपर्यंत फाइली सांभाळायच्या कोणी?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की आलापल्ली-भामरागड रस्ता बंद होतो. त्याच वेळी आश्रमशाळेतल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, तर दुरुस्त करणारा माणूस पाणी उतरल्याशिवाय पोहोचत नाही. म्हणून गडचिरोलीच्या अशा तालुक्यात संगणक खोली करायची, तर सर्व्हर दोन हवेत.

थिन क्लायंट पद्धत इथे मला फार सोयीची वाटते. मुलांपुढे हार्ड डिस्क नसलेली, जुनीपानी यंत्रंही चालतात. काम आणि फाइली सर्व्हरवर. पण दोन सर्व्हर आले की सोमवारी एकावर लिहिलेला निबंध मंगळवारी दुसऱ्यावर सापडला पाहिजे.

त्यासाठी आरसिंक हा प्रोग्राम आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलं. ते फाइलचे तुकडे ताडून पाहतं आणि बदललेले तेवढेच पाठवतं. मात्र कुठून कुठे न्यायचं, हे आपणच सांगायचं. दिशा चुकली की आजचं काम कालच्या फाइलीखाली गाडलं जातं. पुसलेलंही दुसरीकडे पुसायला सांगितलं असेल, तर चुकून उडालेला निबंध दोन्हीकडून जातो.

दोन प्रतींपैकी 'नंतरची फाइल खरी' हा नियम तर इथे धोक्याचाच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असला की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि नेट बंद असल्यानं ते सुधारतही नाही. मग आजचा निबंध जुना ठरतो. बेंजामिन पिअर्स यांचं युनिसन हे जुळवणीचं दुसरं साधन मागच्या जुळवणीची नोंद ठेवतं. फाइल दोन्हीकडे बदललेली दिसली, तर माणसाला विचारतं. मला हेच पटतं.

त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक मुलाचा सर्व्हर ठरवून द्यावा, दुसऱ्यानं फक्त प्रत घ्यावी. पण ताबा आपोआप बदलू दिला आणि मधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटतं, पलीकडचा मेला. दोघंही काम घेऊ लागतात आणि एकाच निबंधाचे दोन निबंध होतात. म्हणून ताबा कोणाकडे, हे शिक्षकांनीच ठरवावं. जुळवणी मुलं लॉगआउट झाल्यावरच करावी. लिबरऑफिसची '.~lock'नं सुरू होणाऱ्या नावाची लपलेली फाइल दिसली, तर कोणाचं तरी काम अजून उघडं असण्याची शक्यता असते. घड्याळाचे सेल पावसाळ्याआधी, मे महिन्यातच बदलावेत आणि एक प्रत जुळवणीत नसलेल्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी.