बैठक चालवताना (लेखांक 6) : विचाराची वेगळी, निर्णयाची वेगळी

जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. खरिपाच्या आढावा बैठकीत दोन्हीकडचे सहायक कृषी अधिकारी शेजारी बसतात. एकाला काळजी उतारावरून वाहून जाणाऱ्या पाण्याची, दुसऱ्याला विहिरीत असून पिकाला देता न येणाऱ्या खाऱ्या पाण्याची. दोघांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. पण अशा बैठकांत बहुतेक वेळ तक्त्यातल्या टक्केवारीत जातो. शेवटी ‘कोणाला काही अडचण?’ असं विचारलं जातं आणि कोणी घसा खाकरायच्या आत ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू होतात.

मग तक्रार येते की कर्मचाऱ्यांना नवं काही सुचतच नाही.

अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑस्बर्न यांनी सगळ्यांनी मिळून धडाधड कल्पना मांडायच्या, टीका नंतर, ही पद्धत लोकप्रिय केली. 1958 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. चौघांच्या गटापेक्षा, एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर जास्त आणि सरस कल्पना निघाल्या. पुढच्या संशोधनातून दिसलेलं एक मोठं कारण अगदी साधं आहे. एक जण बोलत असताना बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहतात, आणि तेवढ्यात सुचलेलं विरून जातं. आपल्याकडे त्यात साहेबांचं मत आधी येतं, मग वेगळं बोलणार कोण?

म्हणून बैठकीच्या आरंभी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहावं आणि वाचायला सुरुवात सर्वांत कनिष्ठ माणसाने करावी. ही शांतता पहिल्यांदा अवघड वाटते. बैठक चालवणाऱ्याने ती मोडायची नाही, एवढंच त्याचं काम.

विचाराला असा वेळ देण्याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण कुठल्या कंपनीचं नाही, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ते माहीत झालं. तिथे अभ्यासगटात विषय मनसोक्त चघळतात, बाहेरच्यांचंही ऐकतात, पण ठरवत काही नाहीत. ठरवायचं ग्रामसभेत, तेही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एवढा वेळ घेऊन गाव मागे पडलं म्हणावं, तर 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

सरकारी कार्यालयात सर्वसहमती चालणार नाही. तिथे सही एकाची आणि जबाबदारीही त्याचीच. पण विचाराची बैठक निर्णयाच्या बैठकीच्या चार दिवस आधी घ्यायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. तिच्यात ठराव नको, सूचक-अनुमोदक नकोत, मोबाइलवर फोटो तर मुळीच नकोत.

येत्या महिन्यात एकाच विषयापुरतं हे करून पाहा आणि कोण पहिल्यांदा बोललं ते आम्हाला कळवा. पुढच्या लेखांकात इतिवृत्ताकडे वळू.