प्रश्न बदलू न देता

नास्तिक माणसाला लेखी उत्तर द्यायचं असलं की वहीच्या डाव्या पानावर मी आधी त्याचा आक्षेप उतरवतो. माझ्या शब्दांत नाही, जमेल तितका त्याच्याच शब्दांत. मग तो त्याला वाचून दाखवतो. "हो, हेच म्हणतोय मी," असं समोरून येईपर्यंत उजवं पान कोरं राहतं. पहिल्या खेपेला ते सहसा येत नाही. "देव नाही हे मी सिद्ध करू शकतो, असं कुठे म्हटलं मी? आहे म्हणायला पुरेसा पुरावा दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं," असं सर परवाच म्हणाले आणि पेन्सिलीने माझं अर्धं वाक्य खोडून मोकळे झाले.

सर म्हणजे ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माझे मित्र. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत तरुणपणापासून. मी वसईचा, कॅथलिक. शाळेत मराठी शिकवलं, आता एका ख्रिस्ती मासिकात लिहितो. पाद्री नाही, धर्मशास्त्राची पदवीही नाही. मासिकाचे बहुतेक वाचक रविवारी नेमाने मिस्सेला जाणारे. नास्तिकाचं म्हणणं धडपणे मांडलेलं त्यांच्यासमोर येतं ते माझ्या लेखातून, आणि त्यांची तक्रार असते तीही त्याबद्दलच. मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात उभा असताना एका मावशींनी थेट विचारलं होतं, "तू नक्की कोणाच्या बाजूने लिहितोस रे?"

मावशींना सांगता आलं असतं की ही वाट चर्चनेच दाखवलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1965 मध्ये आधुनिक जगाविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात नास्तिकतेवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचा आणि चुकीच्या शिकवणीचा वाटा कमी नसतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण आवारात, उन्हात, हातात भाजीची पिशवी असलेल्या मावशींना व्हॅटिकनचे दस्तऐवज सांगायचे नसतात. मी म्हटलं, "देवाच्याच बाजूने लिहितो, मावशी. पण त्याला वकील लागतो असं मला वाटत नाही." त्यांचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही, कारण वकिलीच तर करतोय की मी.

वादविवाद मराठी ख्रिस्ती लेखनाला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, त्यातले श्रोते मध्येच पाद्रीगुरूंना थांबवून शंका विचारतात. 1831 साली मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना भिडले. पण त्या वादांत ईश्वर दोन्ही पक्षांना मान्य होता. भांडण होतं ते कोणतं शास्त्र खरं यावरून. सरांपुढे बायबलमधलं वचन ठेवलं की ते शांतपणे विचारतात, "पुस्तक प्रमाण आहे म्हणून तुम्हाला हे पटतं, की पटतं म्हणून पुस्तक प्रमाण?" तिथे विल्सनसाहेबांची शिदोरी संपते.

आणि इथूनच आमच्या लोकांची एक जुनी खोड सुरू होते. विचारलं जातं एक आणि आम्ही उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं, तेही अगदी मनापासून. देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मागितला की आम्ही शाळा आणि दवाखान्यांची यादी काढतो. चमत्काराची चौकशी सुरू झाली की आमच्या भावना दुखावतात. लेख लिहिताना उजव्या पानावरच्या प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून मी डाव्या पानाकडे बघतो: हे याचंच उत्तर आहे का? नसेल तर परिच्छेद कितीही सुंदर उतरलेला असो, तो जातो. खरं सांगायचं तर सुंदर उतरलेले परिच्छेदच जास्त जातात.

मुंबईच्या इर्ला भागातलं उदाहरण घेऊ. 2012 च्या मार्च महिन्यात तिथल्या वेलंकनी माउलीच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक प्रार्थनेला जमले, पाणी भांड्यांत भरून नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेवर जाऊन पाहणी केली. जवळच तुंबलेलं सांडपाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय आणि क्रुसाच्या वाटेने बाहेर येतंय, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे दूरचित्रवाणीवर खडाजंगी झाली, काही कॅथलिक मंडळींनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी नोंदवल्या आणि त्याच वर्षी एडामारुकू फिनलंडला गेले. चर्चने तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता, हे खरं आहे. पण सरांचा प्रश्न तो नव्हताच. त्यांनी विचारलं होतं, "पाणी कुठून आलं?" या प्रश्नाला प्लंबरचं उत्तर चालतं, भौतिकशास्त्रज्ञाचं चालतं, फौजदारी कलमाचं चालत नाही. मी तेवढंच लिहिलं. त्या महिन्यात मासिकाला पत्रं बरीच आली, कौतुकाची फारशी नव्हती.

चर्चची स्वतःची रीत याहून कडक आहे, हे आमच्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसतं. फ्रान्समधल्या लूर्दला बरं झाल्याचा दावा करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी करणारं कार्यालय आहे. असे दावे हजारोंनी नोंदले गेले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटनांची संख्या 2018 साली कुठे 70 झाली. संतपदाच्या चौकशीत मुद्दाम विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी असायचा. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. 1587 पासून चालत आलेलं ते पद 1983 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी काढून टाकलं. तरी मदर तेरेसांच्या चौकशीच्या वेळी चर्चने वॉशिंग्टनमध्ये क्रिस्टोफर हिचन्स यांची साक्ष घेतली. हिचन्स म्हणजे कडवे नास्तिक, मदरवर 1995 साली जहाल पुस्तक लिहिणारे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मग बंगालमधल्या त्या बाईंचं काय?" त्यांचा रोख मोनिका बेसरा यांच्याकडे होता. मदरच्या कृपेने पोटातली गाठ गेली असं त्या म्हणाल्या, हा आजार औषधांनी बरा झाला असं त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच घटनेच्या आधारे 2003 साली मदरना धन्य घोषित करण्यात आलं. यावर माझं उजवं पान तीन ओळींचं आहे: मदरच्या कामाबद्दलचा माझा आदर या चमत्कारावर उभा नाही, डॉक्टरांचं म्हणणं मला वजनदार वाटतं, आणि सैतानाचा वकील काढायला नको होता. तिसरी ओळ संपादकांनी ठेवली याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

विश्वाच्या उत्पत्तीचा विषय मी लवकर उरकतो. तिथे दोन्हीकडची मंडळी हातघाईवर येतात आणि हाती काही लागत नाही. तिथे मला जॉर्ज लमेत्र पुरतात. बेल्जियमचे हे पाद्री उत्तम गणिती होते. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 साली मांडलं आणि पुढे महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घातला. 1951 साली पोप बारावे पायस यांनी या संशोधनात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिसते असं भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धेची इमारत बांधू नये, हे एका पाद्र्याला पोपपेक्षा नीट दिसत होतं.

मला खरा वेळ लागतो तो किल्लारीपाशी. मराठी नास्तिकाशी बोलताना हे गाव आज ना उद्या येतंच. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. सर मदतीसाठी तिथे गेले होते. आमच्यात वर्षानुवर्षं गप्पा चालल्या आहेत, पण त्या दिवसांबद्दल ते मोजकंच बोलतात आणि देवाचा विषय निघाला की किल्लारी एवढंच म्हणून थांबतात.

आमच्याकडचं तयार उत्तर असं: देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं, माणूस त्याचा गैरवापर करतो, म्हणून जगात दुःख आहे. युद्ध, खून, दंगल यांच्यापुरतं हे उत्तर थोडंफार उभं राहतं. भूकंपापुढे राहत नाही. दगडाच्या भिंतीखाली गेलेल्या लेकराने कोणतं स्वातंत्र्य वापरलं? दुसरं तयार उत्तर, दुःखातून माणूस घडतो. जो वाचला तो घडला म्हणा, गेलेल्याचं काय? तिसरं, चर्चच्या संस्थांनी तिथे मदतकार्य केलं. केलं, आणि चांगलं केलं, पण हा पुन्हा वेगळ्याच प्रश्नाचा जबाब झाला. एकेक करत ही उत्तरं खोडली की पान बोडकं दिसायला लागतं. मग लिहिणाऱ्याच्या मनात येतं, की एखादी ओवीसारखी ओळ टाकून वेळ मारून न्यावी, 'ईश्वरी योजना अगम्य आहे' वगैरे. वाचकांना ती आवडतेही.

अशा वेळी मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढतो. सरांना पटवायला नाही, मला स्वतःला ताळ्यावर आणायला. ईयोबावर संकटं कोसळतात, मित्र येऊन देवाची बाजू मांडतात: तू काहीतरी पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही. ईयोब ऐकत नाही, देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही, अशा अर्थाचं तो सुनावतो. देवाची वकिली करणाऱ्यांवर देवच उलटतो, असं पुस्तक आमच्या पवित्र ग्रंथात आहे याचा मला मोठा आधार वाटतो. दुःखाचं कारण मात्र ते पुस्तकही सांगत नाही. म्हणून किल्लारीच्या आक्षेपासमोर उजव्या पानावर मी लिहिलं: याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझ्या धर्माच्या मध्यभागी क्रुसावर खिळलेला, देवाने मला का टाकलं असं विचारत मेलेला माणूस आहे. माझा विश्वास त्याच्यापाशी आहे, एखाद्या युक्तिवादापाशी नाही.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'हा दिलासा झाला. उत्तर नव्हे.' मी म्हटलं, हेही छापू. ते म्हणाले, छापाच.

प्रश्न बदलण्याची खोड फक्त आमचीच, असं मात्र कोणी समजू नये. माणसाच्या प्रतिष्ठेला तुमच्या विचारात आधार कोणता, एवढंच मी विचारलं, तर पलीकडून गोव्याचं इन्क्विझिशन येतं. 1560 ते 1812, मधली काही वर्षं वगळता अडीचशे वर्षांचा तो काळिमा मी नाकारत नाही, पण माझा प्रश्न तसाच राहतो. बर्ट्रांड रसेल यांचं 1927 चं ख्रिस्ती नसण्याविषयीचं व्याख्यान आणि भगतसिंगांचा तुरुंगात लिहिलेला नास्तिकतेवरचा निबंध हे दोन मजकूर आपल्याकडच्या बहुतेक नास्तिकांच्या कपाटात असतात. भगतसिंगांचा वाचताना मी आजही खाली बसतो. मरणाच्या सावलीत हा मुलगा देवाचा आधार घ्यायला नकार देतो, तेव्हा त्याला भेकड म्हणायची कोणाची छाती आहे?

मला खटकते ती मात्र वेगळीच गोष्ट: सवलत. आपले बरेच नास्तिक हिंदू घरांत वाढलेले. घरच्या देवांवर ते आसूड ओढतात आणि आमच्याकडे वळले की एकदम मवाळ होतात. "तुमचं ठीक आहे हो, तुमच्यात सेवाभाव असतो." हेतू चांगला असतो. अल्पसंख्याकांवर एरवीच चौफेर तोंडसुख घेतलं जातं, त्यात आपली भर कशाला, हा विचार मला कळतो. पण चंगाईच्या सभांत औषधं बंद करायला सांगणारा उपदेशक आणि अंगात आल्याचं सोंग करणारा बुवा यांना एकच माप लावायला हवं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली राज्यात आला तो कुठल्या एका धर्माच्या भोंदूंपुरता नाही. सरांना मी बजावून ठेवलंय: आमच्यावर लिहिताना पेन्सिलीला टोक काढा.

सवलत न देण्याचा नमुना सरांच्याच चळवळीत आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर 'विवेकजागराचा वादसंवाद' घेऊन महाराष्ट्रभर फिरायचे, तेव्हा एकाच व्यासपीठावर लागू देवाला निवृत्त करा म्हणायचे आणि दाभोलकर म्हणायचे की देवाधर्माबाबत अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका तटस्थ आहे, लढा शोषणाशी आहे. जाहीर मतभेद, तोही आपल्याच माणसाशी, समोर श्रोते बसलेले असताना! 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर प्रार्थनेत मी त्यांचं नाव घेतलं होतं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "दाभोलकरांनी हरकत घेतली नसती," म्हणाले, "परिणाम काय झाला, तेवढं मात्र विचारलं असतं."

किल्लारीचा लेख आता छपाईला गेला आहे. खाली सरांचा आक्षेप चौकटीत द्यायचं ठरलं. संपादकांनी त्यासाठी दीडशे शब्दांची जागा काढून ठेवली होती, सरांनी चारशे पाठवले आणि एकही कापू दिला नाही. शेवटी जागा माझ्या लेखातून गेली. त्यात पहिला बळी पडला तो इन्क्विझिशनवरचा माझा परिच्छेद. सर म्हणतात, तोच सगळ्यात चांगला होता.