लागोसची रक्तवाहिनी

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर धडधाकट बाई दोन तासांत दगावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये जगातल्या एकूण मातामृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू दोनच देशांत झाले. नायजेरियात सुमारे ५८ हजार, भारतात सुमारे ४५ हजार. त्यामागचं एक मोठं कारण रक्तस्राव. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, नायजेरियातल्या लागोस शहरात तिशीच्या एका तरुणीने ‘लाइफबँक’ ही कंपनी सुरू केली. गरजू रुग्णालयाला वेळेत रक्त पोचवायचं, हे कंपनीचं काम. संस्थापिकेचं नाव तेमी गिवा-तुबोसुन.

तेमी यांचा जन्म डिसेंबर १९८५ चा, ओसुन राज्यातल्या इला-ओरांगुन या गावातला. वडील प्राध्यापक, आई शिक्षिका. अमेरिकेच्या व्हिसा सोडतीत आईवडिलांचा नंबर लागला आणि तेमीही पंधराव्या वर्षी तिकडे पोचल्या. मिनेसोटात त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली, पुढे मॉन्टेरे इथे पदव्युत्तर शिक्षण. त्या डॉक्टर नाहीत, संगणक अभियंताही नाहीत.

२००९ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून मायदेशी आलेल्या असताना, उत्तर नायजेरियातल्या कानोमध्ये त्यांनी एका घरात अडलेली बाळंतीण पाहिली. बाळ पायाळू, कळा सुरू होऊन तीन दिवस झालेले, आणि घरच्यांनी आशा सोडलेली. तिला रुग्णालयात हलवलं. आई वाचली, बाळ गेलं. त्या घटनेने तेमींच्या आयुष्याची दिशा ठरवली.

देशातल्या एक टक्का लोकांनी रक्तदान केलं, तर किमान गरज भागते, असा आरोग्य क्षेत्रातला ठोकताळा आहे. त्यावरून नाव घेऊन २०१२ मध्ये त्यांनी ‘वन पर्सेंट प्रोजेक्ट’ ही स्वयंसेवी संस्था काढली. २०१४ मध्ये अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली. तिथे सगळ्या सोयी हाताशी होत्या, म्हणून मायलेकरं सुखरूप राहिली. नायजेरियातल्या बाईला ही खात्री कोण देणार, या प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही.

लागोसमधल्या रुग्णालयांचा कारभार जवळून पाहिल्यावर त्यांना दुखणं नेमकं कळलं. रक्ताचा तुटवडा होताच, पण जमा झालेलं रक्तही योग्य जागी पोचत नव्हतं. तांबड्या पेशींची पिशवी थंड जागी पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एका रक्तपेढीत पिशव्या मुदत संपून फेकल्या जात आणि त्याच शहरात दुसरीकडे रुग्णाचे नातेवाईक दारोदार फिरत असत. कुठल्या गटाचं रक्त कुठे शिल्लक आहे, याची एकत्र नोंदच नव्हती. लाइफबँकने आधी ही नोंद उभी केली.

मग उरला रस्ता. लागोसची मुख्य भूमी आणि बेटं यांना जोडणाऱ्या पुलांवर गाड्या तासन् तास खोळंबतात. म्हणून दुचाकी. रुग्णालयाने फोनवर किंवा ऑनलाइन मागणी नोंदवली की कोणत्या रक्तपेढीत तो गट आहे ते पाहिलं जातं आणि दुचाकीस्वार निघतो. मागे थंडपेटी असते, कारण तांबड्या पेशींना २ ते ६ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पेटीला ब्लूटूथवर चालणारं कुलूप असतं आणि ते रक्त घेणाऱ्याच्याच हाताने उघडतं, त्यामुळे वाटेत पिशवीला कुणी हात लावू शकत नाही. मागणीपासून ५५ मिनिटांत रक्त पोचवायचं, हे कंपनीचं उद्दिष्ट. पुढे ब्लॉकचेन तंत्राने प्रत्येक पिशवीचा प्रवास आणि तिच्या चाचण्यांची नोंद डॉक्टरांना तपासता येईल अशी सोयही झाली.

लागोसच्या याबा भागातल्या ‘को-क्रिएशन हब’ या नवउद्योग केंद्रात ही कंपनी रुजली. नोव्हेंबर २०१९ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे चिनी उद्योगपती जॅक मा यांच्या नावाच्या आफ्रिकी उद्योजक स्पर्धेत तेमींनी पहिला क्रमांक आणि अडीच लाख डॉलर पटकावले. कोविडकाळात त्याच वाहतूक व्यवस्थेतून ऑक्सिजन सिलिंडरही धावले, आणि कंपनीने गाडीतूनच तपासणी करून घेण्याचं केंद्रही उभारलं. पुढे हे काम केनियातही पोचलं.

तेमींची खरी कर्तबगारी माझ्या मते पुरस्कारांपेक्षा त्यांनी प्रश्न कसा मांडला यात आहे. रक्त देणारा आणि रक्त लागणारा यांच्यामधलं अंतर त्यांनी मोजलं, ते कापायला लागेल तेवढंच तंत्रज्ञान आणलं, आणि रुग्णालयांकडून मोबदला घेऊन सेवा आपल्या पायावर उभी केली.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. जानेवारी २०१४ मध्ये राज्य सरकारने ‘जीवन अमृत सेवा’ सुरू केली होती. १०४ क्रमांकावर फोन केला की दुचाकीवरून रक्त रुग्णालयात पोचायचं. २०२२ मध्ये ती योजना बंद झाली. तालुक्याच्या गावी अडलेल्या बाळंतिणीसाठी अशी सेवा आजही हवी आहे, आणि ती पुन्हा उभी करण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे. दरम्यान एक गोष्ट तुमच्या-माझ्या हातात आहे. दिवाळीच्या सुट्टीत रक्तदान शिबिरं थंडावतात आणि रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. या दिवाळीत, प्रकृती ठीक असेल तर, जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन या.