मार्ग लांब की गॅप कमी? ऑटोक्रॉसचं गणित

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर ट्रॅफिक कोन मांडून हौशी लोक ऑटोक्रॉस भरवतात. गाड्या बऱ्याचदा रोजच्या वापरातल्याच. शर्यत शेजारच्या गाडीशी नाही, घड्याळाशी. कोन पाडला की वेळेत २ सेकंदांची भर. आयोजकाला घोर एकच: अंधार पडायच्या आत सगळ्यांच्या फेऱ्या होतील का?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे मार्ग छोटा करा. पण हिशेब मांडून बघा. समजा १२० गाड्या, प्रत्येकीच्या ६ फेऱ्या. म्हणजे ७२० वेळा गाडी सोडायची. दर ३० सेकंदांनी एक सोडली तर ६ तास, दर २५ सेकंदांनी सोडली तर ५. (शेवटच्या गाडीची एक फेरी वर धरा.) यात मार्गाची लांबी आली कुठे? लांबीने ठरतं ते एवढंच, की एका वेळी मार्गावर किती गाड्या असतील. फेरी ६० सेकंदांची आणि गॅप ३०ची, तर सरासरी २. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तो हाच: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ.

मग गॅप १० सेकंदच का ठेवू नये? कारण सगळे सारख्या वेगाने जात नाहीत. पुढे नवशिका, त्याला लागतात ७० सेकंद. मागे तरबेज, त्याला ५०. गॅप ३०ची असली तरी त्यातले २० सेकंद वाटेतच संपतात, उरतात १०. त्यात पुढच्याची गाडी गरकन फिरली तर लाल झेंडा, मागच्याला थांबवणं आणि त्याची फेरी पुन्हा. शिवाय पडलेला कोन उभा करायला माणूस मार्गावर धावतो. तो सुखरूप बाजूला व्हायला हवा.

आता मार्ग दीडपट करा. १०५ आणि ७५ सेकंद. फरक ३०, म्हणजे गॅप शून्य! थोडक्यात, लांबी मागच्या दाराने आत येतेच, पण सरासरीतून नाही, फरकातून. लिटलच्या नियमाला हा फरक दिसत नाही.

म्हणून मला सर्वांना सरसकट ४० सेकंद देणं पटत नाही. त्यात ८ तास जातात. पाचातला एक नवशिका असेल, तर फक्त त्याच्या मागे ४० आणि बाकीच्यांमागे २५ ठेवा. सरासरी २८ पडते आणि काम ५ तास ३६ मिनिटांत आटोपतं.